पक्षाघातानंतर वॉर्डात: घरच्यांनी काय करायचं, काय टाळायचं

रुग्ण स्थिर झाला की थेरपी पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होते. पण पहिल्या २४ तासांत दामटून उभं करायचा आग्रह धरू नका. २०१५ साली आलेल्या 'अ‍ॅव्हर्ट' या मोठ्या अभ्यासात, फार लवकर आणि जास्त वेळ उठवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती उलट थोडी वाईट निघाली. थोडा थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा उठवणं बरं.

पुढे पुनर्वसन विभागात दिवसाला तीन तास, आठवड्यातून पाच दिवस थेरपी असावी असं ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेवढी मिळत नाही. मग कमी पडलेला व्यायाम आपणच करून घेऊ, असं घरच्यांना वाटतं. भारतातल्या १४ रुग्णालयांत नेमकं हेच तपासलं गेलं. नातेवाइकांना शिकवून त्यांच्याकडून थेरपी करवून घेतली, तरी सहा महिन्यांनी अपंगत्व कमी झालेलं दिसलं नाही ('अटेंड', २०१७). तेव्हा थेरपिस्टची जागा घेऊ नका. उरलेल्या वेळात नुकसान होऊ न देणं, हे तुमचं काम.

सगळ्यात आधी गिळणं. तपासणी होईपर्यंत तोंडाने काही नाही, चमचाभर पाणीसुद्धा नाही. पातळ पाणीच सर्वांत अवघड असतं आणि श्वासनलिकेत गेलं तरी प्रत्येकाला ठसका लागतोच असं नाही; दोन दिवसांनी न्यूमोनिया झाल्यावर कळतं. परवानगी मिळाली की पूर्ण ताठ बसवून, लहान घासांनी भरवा. लुळ्या बाजूच्या गालात घास साठतो, तो बोटाने नव्हे तर मऊ ब्रशने किंवा ओल्या गॉजने काढा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.

दुसरा धोका खांद्याला. स्नायू सैल पडल्यामुळे सांधा निसटायला टेकलेला असतो. उठवताना काखेत हात घालून ओढलं किंवा लुळा हात धरून खेचलं की दुखणं मागे लागतं आणि दुखणारा हात रुग्ण हलवायला देत नाही. बसवलं की हात उशीवर, लटकता नको. हात डोक्यावर नेणारी पुली आणि जोरदार मालिश टाळा. 'तेल चोळलं की हात सुटतो' असं सांगणारे शेजारी भेटायला येणारच, त्यांना चहा द्या. गरम पाण्याची पिशवीही नको. संवेदना नसेल तर भाजलेलं कळत नाही.

पलंगावरून व्हीलचेअरमध्ये घेण्याची कृती थेरपिस्टसमोर करून दाखवा. खुर्ची चांगल्या बाजूला, किंचित तिरकी, ब्रेक लावलेली, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केलेल्या. रुग्णाला पलंगाच्या कडेला आणा. तळवे जमिनीवर सपाट, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. कमरेचा पट्टा धरा, तुमच्या गुडघ्याने त्याचा लुळा गुडघा अडवा. "पुढे वाका" म्हणा. नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकला की पार्श्वभाग आपसूक उचलला जातो. बहुतेक लोक वाकू न देता सरळ वर उचलतात. मग रुग्ण मागे रेलतो आणि तुमची कंबर धरते.

पलंगावर दर दोन तासांनी कूस बदला. लुळ्या कुशीवर झोपवताना तो खांदा पुढे ओढून घ्या, म्हणजे वजन थेट सांध्यावर येणार नाही. गप्प राहणं, जेवण टाळणं, थेरपीला नकार हा आळस समजू नका. पक्षाघातानंतर नैराश्य सर्रास येतं आणि त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा.

डिस्चार्जची तारीख कळायच्या आधीच घरी टेप घेऊन जा. संडासाच्या दाराची मोकळी रुंदी मोजा आणि ती व्हीलचेअरच्या बाहेरच्या रुंदीशी ताडून पाहा; आपल्या फ्लॅटांत गाडी इथेच अडते. खुर्ची जात नसेल तर कमोड-खुर्ची खोलीतच लागेल. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी लुळा. चढताना चांगल्या हाताला असलेला कठडा उतरताना लुळ्या हाताकडे येतो, म्हणून तो दोन्ही बाजूंना लावून घ्या.