मैदानावरचा संगीत महोत्सव : या चुका टाळा

गेट उघडलं रे उघडलं की पळत सुटणारी मंडळी दर महोत्सवात दिसतात. भर उन्हात धावत जाऊन स्टेजसमोरच्या कठड्याला चिकटायचं आणि जागा जाईल म्हणून पाणी प्यायलाही हलायचं नाही. दुपार कलेपर्यंत त्यांतले कितीतरी सावलीत आडवे पडलेले असतात, आणि ज्याच्यासाठी तिकीट काढलं तो कलाकार येतो रात्री. दहा-बारा तास उघड्यावर काढायचे असतात, तेव्हा अंगातला दम शेवटच्या दोन तासांसाठी राखून ठेवा. मी पहिले दोन-तीन कार्यक्रम मागे बसूनच ऐकतो.

आता ज्या चुकीची मला सर्वांत जास्त चीड येते ती सांगतो. कानात इअरप्लग न घालता स्पीकरच्या तोंडाशी उभं राहणं. माझा मावसभाऊ एकोणीस वर्षांचा असताना पहिल्यांदा माझ्यासोबत आला होता. गेटवरच मी त्याच्या हातात प्लग ठेवले. ‘दादा, यांनी मजा जाते,’ म्हणत त्याने ते खिशात टाकले आणि बासच्या स्पीकरसमोर सलग तीन तास नाचला. परतताना तो माझ्याशी ओरडून बोलत होता, आणि आपण ओरडतोय हे त्याला कळत नव्हतं. कानाला दडे बसले होते. दडे दोन दिवसांनी सुटले, पण कानातली बारीक शिट्टी आजही गेलेली नाही. खोलीत शांतता झाली की ती ऐकू येते, म्हणून तो थंडीतही पंखा लावून झोपतो.

हिशोब साधा आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणं ही कामाच्या जागेसाठी सांगितलेली मर्यादा. त्यापुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. स्पीकरजवळ आवाज याच्याही वर जाऊ शकतो. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

प्लग नुसते कानात टेकवून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणारेही पुष्कळ भेटतात. फोमचा प्लग बोटांत वळून सुईसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. फोममुळे वरचे सूर जास्त दबतात आणि गाणं घोंगडीआडून आल्यासारखं वाटतं. ते नको असेल तर संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या, त्यांत सगळे सूर साधारण सारखेच उतरतात. कापसाचे बोळे कामाचे नाहीत. मी पहिल्या गाण्याच्या आधी प्लग घालतो, कान दुखायची वाट बघत नाही.

आणि पुढे उभं राहिलं की चांगलं ऐकू येतं हा समजच चुकीचा आहे. गर्दीच्या मधोमध तंबूसारखा एक मांडव असतो, तिथे साउंड इंजिनिअर मिक्सरवर बसलेला असतो. तो स्वतःला तिथे जे ऐकू येतं त्यावरूनच आवाज जुळवत असतो. मी कायम त्या मांडवाच्या आसपास जागा धरतो. फार मागे असाल तरी हरकत नाही. आवाजाला 100 मीटर कापायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो, म्हणून मागच्या मनोऱ्यांवरचे स्पीकर मुद्दाम तेवढ्या उशिराने वाजवतात. नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला असता.

दुसरी चूक म्हणजे ‘चुकामूक झाली तर फोन करू’. एकदा माझी मैत्रीण पाणी आणायला गेली ती तीन तास सापडली नाही. तिचा दम्याचा पंप माझ्या सॅकमध्ये होता आणि मैदानभर धूळ उडत होती. हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क ओढत असल्यामुळे एकही फोन लागेना. ‘मी स्टेजच्या डावीकडे आहे’ हा तिचा मेसेज मला मिळाला पार्किंगमध्ये, रात्री. तोवर मी प्रथमोपचाराच्या तंबूत दोनदा जाऊन आलो होतो. ते तीन तास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून आत शिरताच जागा ठरते, तीही जिथे गर्दी वाढणार नाही अशी. चुकामूक झाली की पुढच्या तासाच्या ठोक्याला दोघांनी तिथे हजर व्हायचं. ‘डावीकडे’ हा शब्द बाद, कारण कलाकाराची डावी बाजू ही आपली उजवी. औषध ज्याचं त्याच्याच खिशात. इंटरनेट चालत नसेल तर साधा एसएमएस पाठवून बघा, तो बऱ्याचदा जातो. एरवी फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते.

नवे बूट घालून येऊ नका.

सनस्क्रीन सकाळी एकदा लावून भागत नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावा.

तहान लागली की एकदम दोन बाटल्या रिचवू नका, थोडं थोडं प्या आणि घामाबरोबर मीठही जातं म्हणून सोबत ओआरएस ठेवा. कोणी असंबद्ध बडबडायला लागलं आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंग भिजवा, वारा घाला आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

ढग गडगडले की झाडाखाली किंवा लोखंडी मनोऱ्याखाली थांबायचं नाही. पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा.

गर्दीत हात वर करायला जागा उरली नाही की गाणं कितीही आवडतं असो, बाहेर पडा. दोन्ही हात छातीसमोर धरा, रेट्याच्या विरुद्ध जोर लावू नका. लाट ओसरली की तिरपे कडेला सरका.

शेवटचं गाणं संपताच सगळं मैदान एका गेटकडे धावतं, दिवसभरातली सर्वांत वाईट रेटारेटी तिथेच होते. मी वीस मिनिटं खाली बसतो. प्लग काढून डबीत ठेवतो, उरलेलं पाणी पितो, बुटाच्या नाड्या पुन्हा बांधतो आणि सकाळी काढलेला पार्किंगच्या खांबाचा फोटो बघतो. तोवर गेट मोकळं झालेलं असतं.