जुन्या आणि नव्या ग्राफिक्स कार्डांच्या कामगिरीची तुलना कशी करावी

मार्च २०१७ मध्ये आलेले जीफोर्स जीटीएक्स १०८० टीआय आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेले जीफोर्स आरटीएक्स ३०६० या दोन कार्डांची माहितीपत्रके शेजारी ठेवली, तर दोन्हींवर कोअरची, म्हणजे गणिते करणाऱ्या छोट्या भागांची, संख्या ३५८४ अशीच छापलेली दिसते. जुन्याची मेमरी ११ गिगाबाइट आणि नव्याची १२; जुन्याची बँडविड्थ (मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग) सेकंदाला ४८४ गिगाबाइट आणि नव्याची ३६०; जुने कार्ड २५० वॉटपर्यंत वीज घेते, नवे १७० वॉटपर्यंत. एवढे आकडे हाती असूनही यांपैकी कोणते कार्ड अधिक वेगवान, हे त्यांवरून ठरवता येत नाही. ते ठरवण्यासाठी मोजमापच करावे लागते, आणि मोजमापाची रीत चुकली तर निघणारे उत्तरही दिशाभूल करते.

प्रथम आकड्यांविषयी. कोअर हे काही मीटर किंवा किलोसारखे ठरलेले एकक नाही. प्रत्येक पिढीत त्याची रचना बदलते. जीफोर्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या अँपिअर पिढीत (आरटीएक्स ३०६० आणि ३०७० याच पिढीतली) कोअरच्या प्रत्येक गटातील दशांश गणिताची एकके दुप्पट झाली, पण त्यांपैकी निम्म्यांना पूर्णांकांचे कामही करावे लागते. म्हणूनच ४३५२ कोअरचे आरटीएक्स २०८० टीआय आणि ५८८८ कोअरचे आरटीएक्स ३०७० खेळांमध्ये जवळपास बरोबरीने चालतात. टेराफ्लॉप्सचेही (सेकंदाला किती लाख कोटी गणिते, याचे माप) तसेच आहे. २०१७ मधील एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या आरएक्स व्हेगा ६४ ची कागदावरची क्षमता १२.६ टेराफ्लॉप्स होती आणि जीटीएक्स १०८० ची ८.९, तरीही खेळांमध्ये दोघांची कामगिरी साधारण सारखीच होती. बँडविड्थच्या बाबतीत नव्या कार्डांवरील मोठी कॅशे (चिपमध्येच असलेली अतिवेगवान मेमरी) हिशेब बदलून टाकते: आरटीएक्स ४०६० ची बँडविड्थ सेकंदाला २७२ गिगाबाइट, म्हणजे ३०६० पेक्षा कमी आहे, पण तिच्या जोडीला ३ ऐवजी २४ मेगाबाइट कॅशे असल्यामुळे बहुतेक खेळांत ते पुढे राहते. सारांश असा की हे आकडे एकाच पिढीतील कार्डांमध्ये उपयोगी पडतात, पिढी ओलांडली की नाही. मेमरीची क्षमता मात्र याला अपवाद आहे. खेळाला १० गिगाबाइट लागत असतील, तर ८ गिगाबाइटचे कार्ड कितीही नवे असले तरी अडखळतेच.

कार्डाच्या नावावरही विसंबू नये. जीटीएक्स १०६० या एकाच नावाने ३ आणि ६ गिगाबाइटची कार्डे विकली गेली आणि त्यांच्यात मेमरीखेरीज कोअरचाही फरक होता, ११५२ आणि १२८०. जीटी १०३० ची डीडीआर४ मेमरी असलेली आवृत्ती तर मूळ जीडीडीआर५ आवृत्तीच्या जवळपास एक तृतीयांश बँडविड्थवर चालते. तेव्हा चाचणीपूर्वी जीपीयू-झेडसारख्या प्रोग्राममध्ये आपल्या हातातील कार्ड नेमके कोणते आहे, हे पाहून घ्यावे.

आता प्रत्यक्ष चाचणी. दोन्ही कार्डे एकाच संगणकात, एकामागून एक बसवूनच तपासावीत. प्रोसेसर, मेमरी, ऑपरेटिंग सिस्टिम, खेळाची आवृत्ती आणि सेटिंग यांतील काहीही मध्येच बदलू नये. चाचणी पुरी होईपर्यंत आपोआप होणारे अपडेट बंद ठेवलेले बरे. कार्ड बदलताना जुने ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) डीडीयू या प्रोग्रामने पूर्ण काढून मगच नवे टाकावेत, विशेषतः एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे बसवताना. मदरबोर्डाची पिढीही तपासावी. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, केवळ चार लेन वापरते. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते भागते, पण तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर कामगिरी ठळकपणे घसरते. नवे कार्ड जुन्या संगणकात घालणाऱ्याने ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

माझ्या मते सर्वाधिक तुलना फसतात त्या प्रोसेसरमुळे. प्रोसेसर सेकंदाला ९० फ्रेमचीच (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांची) तयारी करू शकत असेल, तर १०० फ्रेम काढू शकणारे कार्ड आणि २०० फ्रेम काढू शकणारे कार्ड, दोन्ही ९० च दाखवतील, आणि पाहणाऱ्याला वाटेल की नव्या कार्डात काही दम नाही. यासाठी चाचणी चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के आहे, हे पडद्यावर दिसू द्यावे. तो ९५ टक्क्यांच्या खाली रेंगाळत असेल, तर फ्रेमवर घातलेली मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधणारी सोय) बंद आहेत ना ते पाहावे आणि मग रिझोल्यूशन वाढवून पुन्हा मोजावे.

मोजण्यापूर्वी खेळ दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा, कारण थंड कार्ड पहिली काही मिनिटे जास्त वेगाने धावते. त्यानंतर खेळातील तोच भाग, त्याच वाटेने, निदान तीन वेळा मोजावा. केवळ सरासरी फ्रेम पाहू नयेत. समजा एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि साठावीला ४१० मिलिसेकंद लागले. सरासरी बरोबर ६० भरते, पण डोळ्यांना जाणवतो तो जवळपास अर्ध्या सेकंदाचा झटका. म्हणून प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स वापरून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ नोंदवावा आणि सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा सरासरीशेजारी लिहावा. मेमरी कमी पडत असलेले कार्ड सरासरीत पुष्कळदा लपते, या आकड्यात मात्र बहुधा उघडे पडते.

टक्केवारी मांडताना आधार कोणता, हे स्पष्ट लिहावे: ६० वरून ९० होणे म्हणजे ५० टक्के वाढ, पण तेच उलट पाहिले तर घट ३३ टक्के भरते. अनेक खेळांचा एकत्रित निष्कर्ष काढायचा असल्यास प्रत्येक खेळातील गुणोत्तरांची भूमितीय सरासरी घ्यावी. साध्या सरासरीत सेकंदाला ३०० फ्रेम देणारा एखादा हलका खेळ बाकीच्यांना झाकून टाकतो.

पहिली फेरी नेहमी मूळ रिझोल्यूशनवर, चित्र मोठे करणारे आणि कृत्रिम फ्रेम रचणारे तंत्र बंद ठेवून घ्यावी. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी देते असे जाहीर केले, त्यामागे एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत कृत्रिम फ्रेम घालणारे तंत्र होते. अशा फ्रेमनी हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ घटत नाही. म्हणून त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवावी.

नव्या कार्डाचे मोल मात्र त्या पहिल्या फेरीत पुरते कळत नाही. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रचण्याचे तंत्र) नसलेल्या अनेक खेळांत १०८० टीआय आणि ३०६० बरोबरीने चालतात. परंतु रे ट्रेसिंग, डीएलएसएस (एनव्हिडियाचे चित्र मोठे करणारे तंत्र) आणि मेश शेडर (दृश्यातील आकार रचण्याची नवी रीत) यांची हार्डवेअरमधील सोय केवळ ३०६० मध्ये आहे, आणि अलीकडच्या काही खेळांत रे ट्रेसिंगची सोय असलेले कार्ड ही किमान अट झाली आहे. शिवाय १०८० टीआय ज्या पिढीतले, त्या पास्कल पिढीसाठी नव्या खेळांगणिक येणारे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवून ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षाविषयक सुधारणा देण्याचे एनव्हिडियाने जाहीर केले. या बाबी फ्रेमच्या तक्त्यात बसत नाहीत, तरी त्या तक्त्याखाली लिहिल्याच पाहिजेत.

जुन्या कार्डाला न्याय देण्यासाठी चाचणीपूर्वी त्याची धूळ काढावी आणि तापमान पाहावे. वर्षानुवर्षे वापरलेल्या कार्डातील थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बहुधा वाळलेली असते, मग ते तापून स्वतःचा वेग उतरवते आणि आपण मोजतो ती त्याची क्षमता नसून त्याची दुरवस्था असते. पेस्ट बदलून मोजलेला आकडाच तक्त्यात धरावा.

दोन्ही कार्डे हाताशी नसतील, तर इतरांच्या चाचण्यांचा आधार घेता येतो, मात्र वेगवेगळ्या वर्षांतील दोन चाचण्यांतले फ्रेमचे आकडे थेट एकमेकांसमोर ठेवू नयेत. दोन्ही चाचण्यांत असलेले एखादे तिसरे कार्ड शोधावे आणि प्रत्येक चाचणीत आपले कार्ड त्याच्या किती पट आहे, ते काढावे. जुने कार्ड त्या दुव्याच्या ०.८ पट आणि नवे १.४ पट असेल, तर नवे जुन्याच्या सुमारे १.७५ पट ठरते. हा अंदाजच असतो. दुवा म्हणून घेतलेल्या कार्डाची मेमरी दोन्ही चाचण्यांना पुरेशी असेल, तर तो बराच जवळ जातो.