हेडचे स्टड बसवायला शिकताना

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड करून मी बेळगावात, उद्यमबागेजवळच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा उसाचा सीझन तोंडावर आला होता. अथणी, चिक्कोडी, निपाणीकडचे ट्रॅक्टर दारात उभे. त्या घाईत मी एका तीन सिलिंडरच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांच्या ब्लॉकवरचं झाकण, चढवलं. टॉर्क पाना ठरवलेला जोर आला की ‘कट्’ वाजतो. प्रत्येक नटावर तो वाजला आणि मी निश्चिंत झालो.

पंधरा दिवसांत तो ट्रॅक्टर ओढून परत आणला. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन सुरू केलं तर पाण्यात बुडबुडे. हेड उतरवलं, हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट (गळती रोखणारा पत्रा) दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीत जळालेलं. मेस्त्रींनी मला स्टडवर, म्हणजे हेड धरून ठेवायला ब्लॉकमध्ये बसवलेल्या आट्यांच्या दांड्यावर, एक नट नुसत्या बोटांनी फिरवायला सांगितला. चार आट्यांवर तो अडकला. आट्यांत गंज आणि जुन्या गॅस्केटची भुकटी होती. माझा ‘कट्’ त्या गंजामुळे वाजला होता, स्टड पुरेसा ताणलाच नव्हता.

नव्या पोरांना मी सगळ्यात आधी हेच समजावतो. स्टड म्हणजे कडक स्प्रिंग. नट फिरवला की तो केसाएवढा लांबतो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीवर हेड ब्लॉकला दाबून राहतं. पाना मात्र ताण मोजत नाही, फिरवायला लागलेला जोर मोजतो. त्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, आणखी बराचसा आट्यांत. स्टड ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून आटे कोरडे की तेलकट, यावर सगळं फिरतं. तेल लावायचं की खास ग्रीस, हे त्या इंजिनाच्या दुरुस्तीच्या पुस्तकात बघा. कोरड्या आट्यांचा आकडा तेलकट आट्यांना लावला, तर स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो.

स्टड बसवण्याआधी ब्लॉकमधली भोकं साफ करण्यात मी आजही सर्वात जास्त वेळ घालवतो. आटे साफ करायचा टॅप (भोकात फिरवायचं आट्यांचं हत्यार) वेगळा मिळतो. आटे पाडायचा टॅप घातला तर चांगलं लोखंड खरवडून निघतं. मग हवा मारायची, डोळ्यांना चष्मा लावून. तळ बंद असलेल्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं तर ते दाबलं जात नाही. स्टड खाली जाताना ते ब्लॉकलाच तडा देऊ शकतं. भोक वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, उघडत असेल तर त्या आट्यांना गळती रोखणारं सीलंट हवंच.

पुस्तकात वेगळा टॉर्क (फिरवण्याचा जोर) दिला नसेल तर स्टड हातानेच बसवायचा. पाइप पान्याने आवळलात तर भोकाभोवतीचा ब्लॉक वर उचलला जातो आणि गॅस्केटखाली उंचवटा तयार होतो. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासा, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

आवळायची सुरुवात मधल्या नटांपासून, मग आळीपाळीने दोन्ही बाजूंनी बाहेर. एका दमात पूर्ण जोर नाही. समजा शेवटचा आकडा १२ किलो-मीटर असेल (हे अंतर नाही, एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १२ किलो वजनाइतका जोर), तर आधी ४, मग ८, मग १२. बाहेरून सुरुवात केली तर हेड मध्ये फुगून राहतं. पाना झटक्याने ओढू नका, एकसारखा ओढा. आमच्या गॅरेजात कन्नड बोलणारी पोरंही आहेत, पण इथे शब्द एकच पुरतो, ‘सावकाश’. तो दोन्ही भाषांत चालतो.

एकक मात्र दोनदा वाचा. जुन्या पान्यावर फूट-पाउंड असतात, पुस्तकात किलो-मीटर किंवा न्यूटन-मीटर. १० किलो-मीटर म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर, ७२ फूट-पाउंड. काम झालं की पाना सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते आणि पुढच्या इंजिनाला खोटा आकडा मिळतो.

त्या ट्रॅक्टरचं हेड मी दुसऱ्यांदा चढवलं तेव्हा प्रत्येक नट आधी बोटांनी तळापर्यंत फिरवून बघितला. दोन नट अडले, ते बदलले. काम संपायला रात्र झाली. मालक बाहेर बाकड्यावर बसून होता. त्याचा ऊस तोडून फडात पडला होता.