मंडळीचा बालवर्ग: गोष्टीआधीची तयारी

मंडळीचा, म्हणजे चर्चचा, बालवर्ग बहुतेक वेळा एका तक्रारीतून सुरू होतो: रविवारच्या उपासनेत उपदेशाच्या वेळी लहान मुलं फार दंगा करतात. मग शेजारची एक खोली उघडली जाते, त्यात चार खेळणी पडतात आणि ज्या ताई कधी कशाला नाही म्हणत नाहीत, त्यांच्या गळ्यात काम पडतं. असा वर्ग चालतो, पण त्यात मुलांना फक्त धरून ठेवलेलं असतं. 2 ते 5 वर्षांचं मूल देवाच्या घराबद्दल जे शिकतं ते शब्दांतून थोडं आणि ओळखीचा चेहरा, ठरलेली जागा, ठरलेला क्रम यांतून पुष्कळ. त्यामुळे या वर्गाची निम्मी तयारी धड्याची नसतेच.

माणसं आधी

खोलीत कायम किमान 2 प्रौढ हवेत, तेही एकमेकांच्या नात्यातले नकोत. नवरा-बायको दोघं असतील तर ती एकच व्यक्ती धरा आणि तिसरं माणूस घ्या. कधी एखादी तक्रार आली, तर दोन स्वतंत्र माणसांनी पाहिलेलं असणं मुलाच्या हिताचं असतं आणि शिक्षकाच्याही. यांच्याखेरीज एक फिरता माणूस ठेवा. कोणाला शौचाला न्यायचं असेल, पालकांना बोलवायचं असेल, तर तो हलतो. खोलीतले दोघं हलत नाहीत.

2 वर्षांच्या 4-5 मुलांमागे एक प्रौढ, 3 वर्षांच्या 6-7 मुलांमागे एक, 4-5 वर्षांच्या 8 ते 10 मुलांमागे एक, हे प्रमाण झेपतं. सगळी वयं एकाच खोलीत असतील तर सर्वांत लहान मुलाचं प्रमाण लावा. किशोरवयीन मदतनीस जरूर घ्या, मुलांना ते फार आवडतात, पण मोजणीत त्यांना धरू नका. मुलं जास्त झाली की दारावर ‘वर्ग भरला आहे’ अशी पाटी लावायचं धैर्य प्रमुखाकडे हवं. एका रविवारी चार पालक नाराज झालेले परवडतात.

नव्या माणसाला वर्ग देण्याआधी तो किमान 6 महिने मंडळीत आलेला असावा. त्याच्याकडून लेखी अर्ज घ्या, त्याला ओळखणाऱ्या दोघांकडे चौकशी करा आणि पोलीस पडताळणीची सोय असेल तर तीही करून घ्या. ओळखीच्या माणसाला हे विचारायचा संकोच वाटतो, म्हणूनच नियम सगळ्यांना एकच ठेवायचा, पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) घरच्यांनासुद्धा. त्यानंतर 3 रविवार त्याने फक्त बसून पाहायचं, चौथ्या रविवारी गोष्टीऐवजी खेळाचा कोपरा सांभाळायचा.

पाळी लावताना हमखास होणारी चूक म्हणजे दर रविवारी वेगळं कुटुंब. प्रौढांना ही वाटणी न्याय्य वाटते, पण 2 वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला अनोळखी माणसाच्या हाती दिल्यासारखं होतं. ते रडतं आणि दोष मुलाला मिळतो. एकच जोडी सलग 4 ते 6 आठवडे ठेवा, आणि बदलताना दोघांना एकदम बदलू नका.

प्रमुखाने दर रविवारी स्वतः शिकवू नये. प्रमुखाची जागा दाराबाहेर, बोळात: कोण आलं नाही, कोणती खोली भरली, कुठे जास्तीचा हात लागतोय हे पाहत. प्रमुखच गोष्ट सांगत बसला तर आयत्या वेळी आजारी पडलेल्या शिक्षकाच्या जागी जायला कोणी उरत नाही.

खोली

जमिनीवर बसा. अक्षरशः. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून खोली वेगळी दिसते: लोंबकळणारी पडद्याची दोरी, उघडे विजेचे प्लग, भिंतीला न ठोकलेलं कपाट, दाराच्या फटीत अडकू शकणारं बोट. दर मुलामागे साधारण 3 चौरस मीटर मोकळी जागा धरा. गर्दी झाली की चावणं आणि ढकलणं वाढतं, मग कितीही चांगला शिक्षक असो. दाराला काच हवी. नसेल तर दार उघडं ठेवून खाली लाकडी अडसर लावा, म्हणजे बाहेरून कोणालाही आत पाहता येईल.

खेळण्यांची परीक्षा सोपी आहे. 3 वर्षांखालच्या मुलांसाठी लहान भाग तपासायची नळी साधारण 32 मिलिमीटर व्यासाची असते. तशी नळी मिळवा आणि तिच्यात जे पूर्ण मावेल ते खोलीबाहेर काढा. मणी, गोट्या, तुटलेल्या गाडीची चाकं बाहेर. बटणाएवढ्या बॅटरीची खेळणी तर मुळीच नकोत, कारण गिळलेली बॅटरी आतून जाळते. आणि खेळणी कमी ठेवा, पण एकाच प्रकारची 2-3 ठेवा. दहा वेगवेगळ्या गाड्यांवरून भांडणं होतात, एकसारख्या तीन गाड्यांवरून बरीच कमी.

डायपर बदलताना किंवा शौचाला नेताना दार अर्धं उघडं आणि दुसरा प्रौढ दिसेल असा. हातमोजे घातले असले तरी नंतर साबणाने 20 सेकंद हात धुवायचेच. हे काम किशोरवयीन मदतनिसांना देऊ नका.

दार

वर्गाचं सगळ्यात अवघड काम दारात होतं. एकाच क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या करा, एक मुलाच्या पाठीवर आणि दुसरी पालकाकडे. पाठीवर, कारण छातीवरची चिठ्ठी मूल दोन मिनिटांत काढून तोंडात घालतं. वहीत नाव, वय, फोन, काय खाल्लं तर त्रास होतो आणि घरी नेणार कोण, एवढं लिहा. ॲलर्जी लाल शाईने मुलाच्या चिठ्ठीवरही हवी, कारण खाऊच्या वेळी वही कोणी उघडत नाही. सुटताना चिठ्ठी दाखवल्याशिवाय मूल द्यायचं नाही. सगळी मंडळी ओळखते अशी आजी समोर असली तरी नाही. हा नियम एकदा वाकवला की पुन्हा सरळ होत नाही.

निरोपाचा क्षण जवळून पाहा. आई दारात उभी, मूल तिच्या ओढणीला घट्ट धरून. आई विचारते, “मी जाऊ का?” हा प्रश्नच नको, त्याचं उत्तर मूल ‘नाही’ असंच देणार. दुसरी चूक म्हणजे मूल खेळण्यात रमलं की गुपचूप निघून जाणं. त्या दिवशी शांतता मिळते, पण पुढच्या रविवारी मूल आईवरची नजर काढत नाही. पालकांना आधीच सांगून ठेवा: एक मिठी, एक वाक्य, आणि निघा. वाक्य असं: “गाणं, गोष्ट, खाऊ, आणि मग मी.” ‘एका तासाने’ याला या वयात अर्थ नसतो. दाराशी मुलाच्या उंचीवर तीच 4 चित्रं लावा. मूल रडलं की शिक्षकाने चित्रावर बोट ठेवून दाखवायचं: आता आपण इथे आहोत. 10 मिनिटांनंतरही रडणं थांबलं नाही, तर पालकांना बोलवा. त्यात कोणाचा पराभव नाही.

75 मिनिटांचा आराखडा

पहिली 20 मिनिटं मोकळा खेळ, कारण सगळे एकाच वेळी येत नाहीत. नंतर आवराआवरीचं एकच ठरलेलं गाणं. ते कधीही बदलू नका. महिन्याभरात गाणं सुरू होताच मुलं स्वतः खेळणी उचलू लागतात. 10 मिनिटं गाणी आणि हालचाल, 5 ते 7 मिनिटं गोष्ट, 15 मिनिटं हाताचं काम, 10 मिनिटं हात धुणं आणि खाऊ, आणि उरलेला वेळ पुन्हा खेळ. खाऊत सुकामेवा, लाह्या, अख्खी द्राक्षं नकोत. द्राक्ष द्यायचंच तर उभं चिरून चार फोडी करून.

उपदेश लांबणार, हे धरूनच चाला. त्यासाठी एक बंद डबा ठेवा, एरवी कधीही न उघडणारा: रंगीत रुमाल, मोठे ठोकळे, साबणाचे फुगे. बाहेर शेवटचं गीत सुरू व्हायला वेळ आहे असं दिसलं की डबा उघडायचा.

हाताच्या कामाबद्दल आमचं मत जरा कडक आहे. शिक्षकांनी कापलेले, मुलांनी फक्त एक ठिपका चिकटवलेले सुबक मेंढे पालकांसाठी असतात. मुलाला जाड खडू, मोठा कागद आणि झाकणभर गोंद द्या. चिखल झाल्यासारखं दिसेल, पण काम मुलाचं असेल.

गोष्टीची तयारी

एक गोष्ट सलग 3-4 रविवार सांगा. कंटाळा शिक्षकाला येतो. मुलं पुढचं वाक्य माहीत असल्याच्या आनंदात असतात. सुवर्ण वचन, म्हणजे पाठ करायचं बायबलमधलं वाक्य, 3-4 शब्दांचं पुरतं. ‘देव प्रीती आहे’ हे 1 योहान 4:8 मधलं वचन 2 वर्षांचं मूलही म्हणतं.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट घ्या, लूक 15:3-7. मूळ गोष्टीतल्या शंभर मेंढरांचा हिशेब या वयाला कळत नाही, म्हणून कापडाची मुठीएवढी 10 मेंढरं करा. मुलं येण्याआधी एक लपवा, पण पाय दिसेल असं. शिक्षकाने कोऱ्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसावं. मागे खिडकी असेल तर मुलं खिडकी पाहतात. मांडीवर पवित्र शास्त्र उघडं, डोळे मुलांकडे, वाक्यं 6-7 शब्दांची. मेंढरं एक-एक करून सगळ्यांनी मोजायची. नऊवर येऊन थांबा. खरोखर थांबा, 3 सेकंद. “एक कुठंय?” इथे एक फजिती ठरलेली असते: ज्याला मेंढरू सापडतं तो उड्या मारतो आणि बाकीचे रडतात. म्हणून शोधायला सगळ्यांनी मिळून जायचं, उचलायचं शिक्षकाने आणि मग प्रत्येकाने एकदा खांद्यावर घेऊन फिरायचं. दुसऱ्या रविवारी मेंढरू मुलं लपवतात, तिसऱ्या रविवारी गोष्टही तीच सांगतात.

या वयात शब्द जसाच्या तसा घेतला जातो. ‘येशू तुझ्या हृदयात राहतो’ म्हटलं की मूल सदऱ्यात डोकावतं. पापाचा डाग म्हटलं की हात तपासतं. ‘येशूचं तुझ्यावर प्रेम आहे’, ‘तो तुझ्याबरोबर असतो’ एवढं सरळ बोला. निर्मिती, वादळ शांत करणं, झाडावर चढलेला जक्कय, पाच भाकरी आणि दोन मासे, शमुवेलाला आलेली हाक या गोष्टी चालतात. टोपलीतला मोशे सांगताना बहीण लांबून पाहत होती आणि बाळ पुन्हा आईकडेच गेलं, हे वगळू नका. आईपासून नुकतंच सुटलेलं मूल तेच ऐकत असतं. मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाची गोष्ट थांबू द्या. तीन वर्षांच्या मुलाला त्यात फक्त बाबांच्या हातातली सुरी दिसते. वधस्तंभ सांगाल त्याच दिवशी पुनरुत्थानही सांगा, अर्धी गोष्ट घरी पाठवू नका.

सोमवारी उतारा वाचा, बुधवारपर्यंत सामान जमवा, शनिवारी खोली मांडा. रविवारी सकाळी हातात कात्री असेल तर उशीर झालेला आहे.

बिघडतं तेव्हा

मूल चावलं तर आधी ज्याला चावलं त्या मुलाला जवळ घ्या, जखम धुवा. मग चावणाऱ्याला शांतपणे, एका वाक्यात: “चावायचं नाही, दुखतं.” लांबलचक समज देऊ नका. दोन्ही घरी लेखी कळवा, पण दुसऱ्या मुलाचं नाव न सांगता. ताप, उलटी, जुलाब असलेलं मूल दारातूनच परत जाईल, आणि औषधाशिवाय 24 तास बरं राहिल्यावरच येईल, हा नियम छापून पालकांना आधीच द्या. तोंडी सांगितलेला नियम दारात वादाचा विषय होतो. मुलाने घरी कोणी मारतं किंवा नको तसा हात लावतं असं काही सांगितलं, तर खोदून विचारू नका आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याचे शब्द तसेच्या तसे लिहा, त्याच दिवशी मंडळीतल्या जबाबदार व्यक्तीकडे न्या आणि कायद्यानुसार कळवा.

शेवटचं मूल गेल्यावर 15 मिनिटं लागतात. तोंडात गेलेली खेळणी एका बादलीत, साबणाने धुऊन, निर्जंतुक करून हवेत वाळत. मग वहीत 3 ओळी: कोण रडलं, काय संपलं, पुढच्या जोडीने काय वेगळं करायचं.