एम्ब्रियो ट्रान्सफर: चूक होते एकीकडे, आपण ती शोधतो दुसरीकडे

एम्ब्रियो ट्रान्सफर म्हणजे आयव्हीएफमध्ये प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ बारीक नळीने गर्भाशयात सोडणं. ही ट्रान्सफर फसली की बाई स्वतःचाच हिशेब मांडत बसते. जिना चढले म्हणून झालं का? जोरात शिंकले म्हणून? उठून लगेच लघवीला गेले म्हणून? यातल्या कशानेही गर्भ निसटत नाही. गर्भाशयाची पोकळी फुगवलेल्या फुग्यासारखी रिकामी नसते. तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा गर्भ त्यांच्या मधोमध राहतो. लघवीची वाट तर वेगळीच. म्हणून माझ्या मते पहिली आणि सगळ्यात क्रूर चूक म्हणजे हा दोष तिच्या माथी मारणं.

यश सर्वांत जास्त गर्भाच्या गुणसूत्रांवर आणि स्त्रीबीजाच्या वयावर ठरतं, हे खरं. पण चांगला गर्भ हातात असूनही ट्रान्सफर नीट न झाल्याने संधी जाऊ शकते.

वाट आधी पाहून न ठेवणं

गर्भाशयमुखातून आत जाणारी वाट प्रत्येकीची वेगळी असते. कुणाची सरळ, कुणाची वळणाची, कुणाची आधीच्या शस्त्रक्रियेमुळे अरुंद झालेली. हे ट्रान्सफरच्या टेबलावर पहिल्यांदा कळणं म्हणजे फार उशिरा कळणं. त्या वेळी गर्भ इन्क्युबेटरमधून बाहेर येऊन नळीत भरलेला असतो आणि तो तिथे जितका कमी वेळ राहील तितकं बरं. म्हणून मॉक ट्रान्सफर करतात, म्हणजे गर्भ न घालता नुसती नळी आत नेऊन वाट, कल आणि लांबी पाहून ठेवतात. पिशवीचं तोंड फारच अरुंद असेल तर ते रुंद करण्याचं काम आधीच्या पाळीत करता येतं. माझा आग्रह एवढाच, की "मॉक झाली का, आणि काही अडचण दिसली का?" हे तुम्ही डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मात्र एक लक्षात ठेवा: स्त्रीबीजं वाढवण्याच्या इंजेक्शनांनी अंडाशय मोठे झाले की गर्भाशयाचा कलही बदलू शकतो, त्यामुळे जुन्या नोंदीवर डोळे झाकून विसंबू नये.

नळी वरच्या भिंतीला टेकणं

तंत्राचा खरा कस लागतो तो इथे. गर्भाशय हा स्नायू आहे आणि डिवचला की तो आकसतो. नळीचं टोक वरच्या भिंतीला लागलं, गर्भाशयमुख चिमट्याने ओढून धरावं लागलं किंवा कडक नळीने अस्तर खरवडलं गेलं, तर आकुंचनं वाढतात आणि गर्भ नको तिकडे ढकलला जाऊ शकतो. म्हणून मऊ कॅथेटर (म्हणजे गर्भ सोडायची नळी) वापरायचा, पोटावरून सोनोग्राफी करत त्याचं टोक डोळ्यांनी पाहायचं आणि वरच्या भिंतीपासून १ सेंटीमीटरहून थोडं जास्त अंतर राखून, पोकळीच्या मधल्या किंवा वरच्या भागात गर्भ सोडायचा. आत जाण्याआधी गर्भाशयमुखावरचा चिकट स्राव पुसून घ्यायचा, कारण तो नळीच्या टोकाला लागला की गर्भ त्यातच अडकू शकतो. नळी बाहेर आल्यावर एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ सांभाळणारा तज्ज्ञ, ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो. गर्भ नळीतच राहिला असेल तर तो लगेच पुन्हा सोडतात. असं झाल्याचं कळलं तर घाबरू नका. त्यामुळे यशाची शक्यता घटल्याचं अभ्यासांत दिसत नाही.

पाणी पिऊन यायला सांगतात तेही याचसाठी. भरलेल्या मूत्राशयामुळे पोटावरून चित्र स्पष्ट दिसतं आणि पुढे झुकलेलं गर्भाशय थोडं सरळ होतं. पण तडस लागून जीव कासावीस होईल इतकं पिऊ नका. ताठरलेल्या अंगाने पडून राहिलात तर तुम्हालाही त्रास आणि डॉक्टरांनाही.

नंतर अंथरूण धरणं

अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत ट्रान्सफरनंतर सक्तीच्या विश्रांतीची शिफारस नाही. उठून चालायला हरकत नसते. पडून राहिल्याने गर्भ जास्त चिकटत नाही, आणि काही अभ्यासांत तर झोपवून ठेवलेल्यांचेच निकाल कमी आले. घरातल्यांनी "हलू नकोस" म्हणत धाक घालणं थांबवावं, ही कळकळीची विनंती.

"दोन घाला, एक तरी राहील" हा आग्रहही सांभाळून धरा. जुळ्यांमध्ये वेळेआधी प्रसूतीचा धोका बराच वाढतो.

आता ज्या गोष्टी खरोखर तुमच्या हातात आहेत त्या. थोडं रक्त दिसलं म्हणून प्रोजेस्टेरॉन, म्हणजे अस्तर टिकवून धरणारं संप्रेरक, स्वतःच्या मनाने बंद करू नका. गोळ्यांवर अस्तर तयार करून गोठवलेला गर्भ ठेवला असेल तर शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळजवळ बनवतच नसतं, सगळा आधार औषधाचा असतो. रक्त दिसताच डॉक्टरांना कळवा, पण डोस चुकवू नका. आणि घरची लघवीची चाचणी घाईने करू नका. चाचणीत जे संप्रेरक पाहतात त्या एचसीजीचंच ट्रिगर इंजेक्शन (स्त्रीबीजं काढण्याआधी ती पिकवायला देतात ते) घेतलं असेल तर त्याचाच अंश काही दिवस खोटी रेघ दाखवतो, आणि फार लवकर केली तर खरी गर्भधारणाही दिसत नाही. दिलेल्या तारखेला बीटा एचसीजी ही रक्तातली गर्भधारणेची चाचणी करा.

शेवटी, ट्रान्सफरची लेखी नोंद मागून घ्या: कोणता कॅथेटर, नळी सहज गेली की अवघड, चिमटा लागला का, टोकाला रक्त होतं का, गर्भ कुठे सोडला, तो कितव्या दिवसाचा होता. पुढची वेळ आलीच, आणि डॉक्टर दुसरे असले, तरी त्यांना या कागदावरून कळेल की वाट कुठे वळते.