फांदीपासून झाड करताना या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडला की फोंड्यातल्या आमच्या दारात कोणी ना कोणी येतोच. "काका, मिरी पोफळीवर चढतच नाही." मी विचारतो, फांदी कुठली लावलीस? तिथेच घोडं पेंड खातं.

फांदीपासून केलेलं झाड हा नवा जीव नव्हे. जुन्याच झाडाची वाढ दुसऱ्या जागी चालू राहते. फांदी जशी वागत होती तशीच पुढे वागते. मिरीच्या बुंध्याशी जमिनीवर सरपटणारे फाटे असतात, त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे लावले की वेल चढते. घोस धरणाऱ्या आडव्या फांद्यांपासून होतं ते झुडूप. कुंडीला छान, कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, निरुपयोगी.

घरचं कुळागर नुकतं हाती आलं होतं तेव्हा मीच साठ तुकडे खोचले, सगळे आडव्या फांद्यांचे. त्या हाताशी होत्या आणि खाली वाकायचा कंटाळा. वर्षभरात काहींना घोस लागले, मी शेजारी सांगत फिरलो. दुसरा पावसाळा आला तरी झुडपं गुडघ्याएवढीच. बाबा पोफळीवर हात ठेवून म्हणाले, "हिच्यावर आता कोण चढणार, तू?" साठही उपटली.

भिरंडीचंही, म्हणजे कोकमाचंही, तेच. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम पसरतं, म्हणून काडी उभ्या शेंड्याचीच घ्या. बी रुजवलंत तर नर झाड निघून भिरंडं लागणारच नाहीत, असंही होतं.

मानकुराद आंब्याचा बाठा, म्हणजे कोय, पुरून मानकुरादची वाट पाहणाऱ्यांना काय सांगावं! त्या बाठ्यात परागणातून झालेला एकच गर्भ. आई ठाऊक, बाप कोण कुणास ठाऊक. केरळच्या ओलूर आंब्याची गोष्ट वेगळी, एका बाठ्यातून अनेक कोंब येतात आणि त्यातले बरेचसे आईसारखेच असतात. मानकुराद हवा तर कलमच.

कलमाच्या सांध्याखाली खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर काडी बांधली त्याची, फूट दिसली की लगेच खुडा, नाहीतर रायवळ आंबा वाढवाल. सांधा जुळल्यावर प्लास्टिकची पट्टी काढा, ती खोडाला आवळते. जास्वंदीची काडी उलटी खोचू नका. माडाचं कलम होत नाही, विचारू नका.

आणि मूळ धरलं का हे बघायला दर रविवारी काडी उपटू नका. मी काडी लावली की बाजूला तारीख लिहिलेली आइसफ्रूटची काडी खोचतो आणि दीड महिना तिकडे फिरकत नाही. पाणी बायको घालते.