ऑनलाइन शिकून नर्सिंगच्या शिक्षिका व्हायचंय? आधी या चुका टाळा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी एकोणीस वर्षं शिकवते आहे. त्याआधी सात वर्षं वॉर्डात काढली. माझ्या जुन्या विद्यार्थिनी आज मुंबईत आहेत, मस्कतला आहेत, न्यू जर्सीत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जणींना आता शिकवायचं आहे. कुणी तसं सांगितलं की मला फार बरं वाटतं, कारण चांगली शिकवणारी सिस्टर मिळणं अवघड झालंय. पण पुढचं वाक्य ऐकलं की काळजी वाटते. "मॅडम, नाइट ड्युटीचा कंटाळा आलाय, घरबसल्या ऑनलाइन एम.एस्सी. करते आणि ट्यूटर होते." या एका वाक्यात तीन चुका आहेत. त्या दरवर्षी होतात आणि दरवर्षी कुणाचे तरी पैसे बुडतात.

मान्यता न बघता फी भरणं

पहिली गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. भारतात एम.एस्सी. नर्सिंग ऑनलाइन होत नाही. तो दोन वर्षांचा पूर्णवेळ, नियमित अभ्यासक्रम आहे. हजेरी लागते, वॉर्डातले तास भरावे लागतात, प्रबंध लिहावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार नर्सिंगची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन देताच येत नाही. बी.एस्सी.वर ट्यूटर म्हणून लागता येतं, पण कॉलेजात त्याच्या वरची पायरी एम.एस्सी.शिवाय चढता येत नाही.

आता हे ज्या मुलीमुळे मी सगळ्यांना सांगत सुटले, तिच्याबद्दल. कणकवलीकडची मुलगी. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बी.एस्सी.), सहा वर्षं स्टाफ नर्स. हात चांगला. लहान मुलाला सलाइन लावायची तर वॉर्डातल्या बाकीच्या जणी तिलाच हाक मारायच्या. आमच्याकडे लेक्चररच्या मुलाखतीला आली तेव्हा फाइलमध्ये परराज्यातल्या एका विद्यापीठाचं प्रमाणपत्र होतं, 'एम.एस्सी. नर्सिंग, विशेष विषय : नर्सिंग एज्युकेशन'. मी ते उलटसुलट पाहिलं आणि पोटात गोळा आला. आपल्याकडे नर्सिंग एज्युकेशन हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच असणारा विषय आहे. तो स्पेशालिटी नसतो. स्पेशालिटी म्हणजे मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य. मी विचारलं, "क्लिनिकल पोस्टिंग कुठे केलंस?" ती म्हणाली, "मॅडम, त्यांनी सांगितलं, तुम्ही नोकरी करताच, तेच धरू."

एजंटने तिच्याकडून हप्त्याहप्त्याने एक लाख साठ हजार घेतले होते. त्यातले काही बांगड्या गहाण ठेवून आणलेले. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे ही वाढीव पात्रता नोंदवून मिळणार नव्हती आणि नोंदणीशिवाय आम्ही तिला घेऊ शकत नव्हतो. मुलाखत संपल्यावर बाहेर बाकावर तिचे वडील बसले होते. मला म्हणाले, "चेडवान पैशे भरल्यान, आता काय करूचा?" (मुलीनं पैसे भरले, आता काय करायचं?) मला उत्तर देता आलं नाही. आजही तो प्रश्न आठवला की मी फोनवर जरा जोरात बोलते. समोरच्या मुलीला राग येतो, येऊ दे.

गोंधळ का होतो तेही मला कळतं. इग्नूने १९९४ पासून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दूरशिक्षणाने चालवलं आणि नोकरी करणाऱ्या कितीतरी सिस्टर त्यातून पुढे गेल्या. मग वाटतं, पोस्ट बेसिक होतं तर एम.एस्सी. का नाही? तेव्हाही त्यात प्रात्यक्षिकं होती, संपर्क वर्ग होते, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. एजंट नेमका याच जागी बोट ठेवतो.

माझी सवय सांगते. कुणी कॉलेजचं नाव सांगितलं की मी आधी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत ते बघते आणि एम.एस्सी.च्या किती जागा मंजूर आहेत तेही बघते. कॉलेज महाराष्ट्रातलं असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ते संलग्न आहे का, हे तपासते. मग राज्य कौन्सिलला लेखी विचारायला लावते, 'ही पदवी तुमच्याकडे नोंदवली जाईल का?' उत्तर कागदावर येईपर्यंत एक रुपया भरायचा नाही. नर्सिंग कौन्सिलच्या १९४७ च्या कायद्याच्या जागी नवा आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, त्यामुळे येत्या काळात कार्यालयांची नावं बदलतील. लेखी विचारण्याची सवय बदलू नका. "सीट भरत आल्या, आजच बुकिंग करा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. मान्यताप्राप्त कॉलेज असं बोलत नाही.

प्रॅक्टिकम शेवटावर ढकलणं

मग ऑनलाइन पदवी कुणासाठी आहे? मुख्यतः परदेशात ज्यांची नोंदणी झालेली आहे त्यांच्यासाठी. अमेरिकेत एनक्लेक्स-आरएन (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) पास होऊन चालू लायसन्स असेल, तर तिथली कितीतरी विद्यापीठं नर्सिंग एज्युकेशनमधली एमएसएन (तिकडची नर्सिंगची मास्टर्स) ऑनलाइन देतात. तिथेही मान्यता बघावी लागते. सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या तिथल्या संस्थांची मान्यता आहे का, ते आधी पाहा. आणि रत्नागिरीत बसून अर्ज करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या, की पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. 'आधी प्रवेश घेते, मग त्यावर तिकडे जाते' हा हिशेब चुकीचा आहे.

यातली माझी दुसरी दुखरी जागा म्हणजे प्रॅक्टिकम. ऑनलाइन म्हटलं की मुलींना वाटतं सगळं पडद्यावर होणार. वाचन, चर्चा, पेपर होतात पडद्यावर. पण शिक्षिका व्हायचं तर प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर उभं राहून तास भरावे लागतात. वर्गात, सिम्युलेशन लॅबमध्ये किंवा वॉर्डात, एका अनुभवी शिक्षिकेच्या देखरेखीखाली. तिला तिकडे प्रिसेप्टर म्हणतात. तिची स्वतःची किमान मास्टर्स हवी. ती जिथे शिकवते त्या संस्थेचा आणि तुमच्या विद्यापीठाचा करार व्हावा लागतो. करार म्हटला की वकील आले, विमा आला, लसीकरणाचे कागद आले. महिने जातात.

माझी एक विद्यार्थिनी, राजापूर तालुक्यातली, आता न्यू जर्सीत आयसीयूत आहे. अभ्यासात पहिल्यापासून पुढे. तीन सत्रं तिने उत्तम गुणांनी पार केली. मी दर वेळी विचारायची, "प्रिसेप्टर ठरली?" ती म्हणायची, "मॅडम, आमची नर्स मॅनेजर आहे ना, ती सही करेल." शेवटच्या सत्राच्या तीन आठवडे आधी फॉर्म भरायला घेतला तेव्हा कळलं, मॅनेजर फक्त बीएसएन आहे, म्हणजे पदवीधर, मास्टर्स नाही. चालत नाही. मग तिने आसपासच्या कॉलेजांना मेल पाठवायला सुरुवात केली. तिथल्या दोघी शिक्षिकांनी नाही म्हटलं. तिसरी हो म्हणाली, पण करार वेळेत झाला नाही. सत्र गेलं. तिने त्यासाठी दोन महिन्यांच्या ड्युट्या बदलून ठेवल्या होत्या, सासूला गावाहून बोलावून घेतलं होतं मुलांसाठी. सासूबाई सहा महिने राहून परत आल्या आणि हिचं प्रॅक्टिकम सुरूही झालं नव्हतं. मला फोनवर रडताना ऐकू येत होतं आणि मी 'सांगितलं होतं ना' असं म्हणाले नाही, कारण त्या वेळी ते म्हणण्यासारखं नव्हतं. आता म्हणते, तुम्हा सगळ्यांना.

पहिल्या सत्राच्या पहिल्या महिन्यात प्रिसेप्टर शोधायला लागा. दोघींना विचारून ठेवा, एक ऐन वेळी नोकरी सोडते. तास किती, कुठल्या राज्यातलं लायसन्स लागेल, घर बदलून दुसऱ्या राज्यात गेलात तर विद्यापीठ चालवून घेईल का, हे सगळं प्रवेशाआधी मेलवर विचारा. काही विद्यापीठं काही राज्यांतल्या विद्यार्थ्यांना घेतच नाहीत. प्रॅक्टिकम गावी येऊन करू असं कुणी गृहीत धरू नये. बहुतेक ठिकाणी ते चालत नाही.

वेळेचा हिशेब

न्यू जर्सीची हीच मुलगी एका वर्षी गणपतीला घरी आली होती. तिकडचं शरद सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं, म्हणजे आपले गणपती बहुतेक वर्षी त्याच्या पहिल्या काही आठवड्यांत पडतात. पेपर रविवारी रात्री ११.५९ पर्यंत द्यायचा होता, तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने. तिच्या डोक्यात साडेदहा तासांचा फरक होता, कारण ती घरी फोन करायची तो हिवाळ्याचा हिशेब. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडचं घड्याळ एक तास पुढे असतं आणि फरक साडेनऊ तासांचा होतो. म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी ९.२९ ला दार बंद. ही १०.२९ धरून बसलेली. त्यात पहाटेपासून पाऊस, लाइट गेलेली, वाडीत रेंज नाही. भावाच्या मोटरसायकलवर बसून सड्यावर (डोंगरावरच्या पठारावर) गेली, तिथे फोनला दोन काड्या आल्या, लॅपटॉप जोडला तेव्हा पावणेदहा झाले होते. उशिराचे गुण कापले गेले.

पावसाळ्यात कोकणातून शिकणाऱ्यांनी मुदतीच्या एक दिवस आधी काम पाठवून मोकळं व्हावं. मी स्वतः कसलाही कागद शेवटच्या दिवशी पाठवत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुदत एक दिवस अलीकडे लिहून ठेवते आणि खरी तारीख विसरून जाते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. जून ते सप्टेंबर कुठला आठवडा कसा जाईल, हे सांगता येत नाही.

काही चुका थोडक्यात सांगते. आपल्या प्रबंधात व्हँकुव्हर पद्धतीने संदर्भ दिले असतील आणि नवं विद्यापीठ एपीए मागत असेल, तर दोन्हींची खिचडी करू नका. एपीएची सातवी आवृत्ती एकदा नीट वाचा आणि संदर्भ लिहिता लिहिताच टाका, शेवटी जमवत बसू नका. चर्चेच्या फळ्यावर 'मी सहमत आहे' एवढंच लिहिणं म्हणजे न लिहिणं. व्याख्यानं दुप्पट वेगाने ऐकू नका. पेपर दुसऱ्याकडून किंवा मशीनकडून लिहून घेणाऱ्या मुलींना माझं सांगणं आहे की शिकवायला जाऊ नका. उद्या तुमची विद्यार्थिनी न मोजता बीपी लिहील, तेव्हा तिला कोणत्या तोंडाने थांबवाल? आणि दोन वर्षं तरी वॉर्डात काढल्याशिवाय हा रस्ता धरू नका. वॉर्डाचा कंटाळा आलाय म्हणून येणारी मुलगी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा वॉर्डातच उभी राहणार असते, हे तिला कुणी सांगत नाही.

'समजेल' आणि 'माहीत होईल'

पाठ टाचणात उद्दिष्ट लिहायचं तर दहातल्या आठ जणी लिहितात, 'विद्यार्थिनींना जलसंजीवनीचं महत्त्व समजेल.' समजलं की नाही, हे तुम्ही कसं बघणार? शिकण्याच्या उद्दिष्टांची ब्लूमची वर्गवारी १९५६ ची आहे, २००१ मध्ये ती सुधारली, आपण ती परीक्षेपुरती पाठ करतो आणि टाचण लिहिताना विसरतो. मी खोडून लिहायला लावते : 'विद्यार्थिनी ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून दाखवेल आणि ते चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं, हे बाळाच्या आईला तिच्या भाषेत सांगेल.' आता मला बघता येतं. पाकीट अर्धं टाकलं का, पाणी तांब्याने मोजलं का, आईला कळलं का.

दुसरं म्हणजे, उदाहरणं तिकडच्या पुस्तकातली उचलतात. परदेशी विद्यापीठाला आपलं उदाहरण चालणार नाही अशी भीती असते. उगाच आहे. महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला आणि त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. लाल विंचू चावलेलं मूल घामाने भिजलेलं, हातपाय गार पडलेलं, तुमच्यातल्या किती जणींनी रात्री दोनला बघितलं आहे! त्याच्यावर पाठ घ्या. लावणीच्या दिवसांत तापाने आलेल्या शेतकऱ्याला लेप्टोस्पायरोसिसचा संशय कधी घ्यायचा, यावर घ्या. त्या राजापूरच्या मुलीने पुढच्या सत्रात नवी प्रिसेप्टर मिळाल्यावर विंचूदंशावरच पहिला पाठ घेतला. टाचण मला आधी पाठवलं होतं. पहिल्या ओळीत 'समजेल' होतं. मी ते लाल शाईने खोडून, फोटो काढून परत पाठवलं. तासाभरात दुरुस्त होऊन आलं : 'विद्यार्थी दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि श्वास मोजून नोंदवतील आणि कोणत्या बदलाला डॉक्टरांना बोलवायचं ते सांगतील.'